गाडीतली डिश लागत नसेल तर आधी खांब ओळंब्यात आणा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हल्ली बरेच जण जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीटा काढून झोपायच्या फळ्या, छोटी शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतात आणि घरच्यांना घेऊन सौंदत्ती, गोकर्ण, पंढरपूर फिरतात. आम्ही पण तेच केलंय. दिवसभर मजेत जातं पण रात्री मुक्कामाला आज्जीला सह्याद्रीवरच्या बातम्या पाहिजेत, पोरांना मॅच पाहिजे, आणि स्क्रीनवर नो सिग्नल. मग कुणीतरी टपावर चढून डिश हलवणार आणि खालून बाकीचे ओरडणार, आलं, गेलं, परत आलं होतं की! हे सगळं टाळता येतं म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे टपावर तो काड्यांचा जुना अँटेना असेल तर त्याच्यामागं वेळ घालवू नका. दूरदर्शनने २०२२ पर्यंत जमिनीवरचे जवळजवळ सगळे जुने ट्रान्समीटर बंद केले, त्यामुळं बूस्टर लावा नाहीतर अँटेना दहा फूट वर न्या, जे सिग्नल हवेत नाहीच ते येणार कुठून. दुकानात बूस्टर विकतात अजून, घेऊ नका. आपल्याकडं गाडीसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे डीडी फ्री डिश, ६० सेंटिमीटरची छोटी डिश, महिन्याचा रिचार्ज नाही, सह्याद्री पण लागतं आणि दूरदर्शनचं कन्नड चॅनेल चंदना पण.

आता मुख्य गोष्ट. फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून, तो ९३.५ अंश पूर्वेला विषुववृत्ताच्या वर एका जागी उभा असल्यासारखा आहे. बेळगावातून बघितलं तर तो आग्नेयेला साधारण १२८ अंशावर आणि जमिनीपासून ६१ अंश वर. पंढरपुरात दिशा १३३ च्या आसपास होते, गोकर्णात १२६, पण उंचीचा अंश मात्र ६१ ते ६२ च्या आतबाहेरच राहतो. आणि ६० सेंटिमीटरच्या डिशला साधारण ३ अंशाच्या पट्ट्यातलं दिसतं. म्हणजे काय, तर वर-खालीचा अँगल घरी एकदा नीट लावला की आपण जिथं जिथं जातो तिथं तो बदलायचाच नसतो, फक्त डिश डावी-उजवीकडं फिरवायची! लोक चुकतात ते इथंच, दोन्ही नट ढिले करतात आणि मग दोन्हीकडून शोधत बसतात, तसं दोन तास गेले तरी सापडत नाही.

पण याला एक अट आहे, खांब अगदी सरळ उभा पाहिजे. खांब तिरका असेल तर डिश फिरवताना तिचा वरचा अँगल पण आपोआप बदलत जातो आणि घरी केलेलं सेटिंग वाया जातं. म्हणूनच टपावर क्लॅम्प मारून बसवलेली डिश मुक्कामाला त्रास देते, कारण गाडी कधीच सपाट उभी नसते, एक चाक खड्ड्यात असतंच. मी वेल्डरकडून तीन पायांचा लोखंडी स्टँड करून घेतला, तो खाली जमिनीवर ठेवतो.

सौंदत्तीला डोंगरावर पहिल्यांदा हे लावलं तेव्हाचं सांगतो. जमीन उताराची, एका पायाखाली दगड सरकवला, डोळ्याला खांब सरळच दिसत होता. अर्धा तास फिरवलं, काही नाही. शेजारच्या गाडीत एक गवंडी मामा होते, ते थैलीतून ओळंबा, म्हणजे दोरीला वजन बांधलेलं गवंड्याचं साधन, घेऊन आले आणि दोरी खांबाला वरून लावून धरली. खाली दोरी आणि खांबात चांगलं दोन बोटं अंतर! दुसऱ्या पायाखाली फरशीचा तुकडा घातला, दोरी खांबाला लागून उभी राहिली, मग बाजूनं पण एकदा तसंच बघितलं, आणि डिश हळूहळू फिरवल्यावर दोन मिनिटांत चित्र आलं. तेव्हापासून ओळंबा गाडीतच असतो.

तर घरी करायचं ते असं. अंगणात खांब ओळंब्यात उभा करा, सिग्नल पूर्ण मिळेपर्यंत डिश लावा, मग वर-खालीचा नट घट्ट आवळून क्लॅम्पवर ऑइल पेंटनं रेघ मारा, परत तो नट सोडायचा नाही. एलएनबी, म्हणजे डिशच्या दांड्यावर पुढं बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, तो पण होल्डरमध्ये थोडा थोडा फिरवून जिथं क्वालिटी सगळ्यात जास्त येते तिथं खूण करा, याकडं लोक लक्षच देत नाहीत पण फरक लै पडतो. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत एलएनबीचं सेटिंग ९७५०/१०६०० असं आहे का तेवढं बघून ठेवा.

मुक्कामाला गेल्यावर दिशा मोबाईलच्या कंपासवर बघा, पण गाडीपासून आणि स्टँडपासून दहा-पंधरा पावलं लांब जाऊन, लोखंडाजवळ कंपास खोटं दाखवतो. त्या गावच्या अंशाच्या (बेळगावात १२८) सरळ रेषेत लांबचं एखादं झाड नाहीतर खांब हेरून ठेवा आणि डिश तिकडं करा. मग इकडं तिकडं अगदी बोटभर सरकवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, गडबड केली की बरोबर जागेवरून पुढं निघून जातं.

मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ ८० आणि क्वालिटी शून्य, याचा अर्थ वायर आणि एलएनबी चालू आहे पण डिश भलतीकडं बघतेय. तेव्हा वायर उपसत बसू नका, डिश फिरवा. स्ट्रेंथच शून्य असेल तर मात्र वायर बघायची. कनेक्टर उघडा, बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा तार मधल्या तांब्याला चिकटलेला असतो, तेवढ्यानं एलएनबी बंद पडतो. आमच्याकडच्या पावसात तर कनेक्टरमध्ये पाणी जाऊन आतलं तांबं हिरवं पडतं, मी एकदा कापून बघितलं तर वीतभर आतपर्यंत काळं झालं होतं. तेवढी वायर कापून नवीन कनेक्टर लावा, वरून टेप मारा. वायर आरजी-६ जातीची डिशची केबलच घ्या.

अजून एक, बॅटरी उतरलेली असली की बॉक्स चालू दिसतो पण एलएनबीला पुरेसं व्होल्टेज जात नाही आणि काही चॅनेल येतात काही जातात. अशा वेळी डिशला हात लावायच्या आधी दहा मिनिटं इंजिन चालू करून बघा. आणि जुना एमपेग-२ चा (चित्र पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) बॉक्स असेल तर नव्या पद्धतीचे, एमपेग-४ वाले चॅनेल त्यात दिसणारच नाहीत, तो डिशचा दोष नाही.

झाडाचा हिशोब सोपा आहे. ही डिश दिसायला समोर बघते पण खरं तर तिची नजर बरीच वर असते, त्यामुळं लांबच्या झाडांना घाबरायचं कारण नाही. डिशपेक्षा झाड २० फूट उंच असेल तर फांद्यांच्या टोकापासून १२ फूट लांब स्टँड ठेवला की झालं. मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळपास त्याच उपग्रहाच्या मागं येतो, तेव्हा डिशवर ऊन पडलं तर वाट मोकळी आहे असं समजा, आणि त्या दिवसांत तेवढ्या वेळापुरतं चित्र गेलं तरी काही हलवू नका.

कणकुंबी, चोर्ला, आंबोलीकडं जुलैत जाणार असाल तर जोराचा पाऊस सुरू झाला की चित्र जाणारच, ढगातलं पाणीच सिग्नल खातं. अशा वेळी भर पावसात बाहेर जाऊन डिश फिरवू नका, खुणा केल्यात त्यावर विश्वास ठेवा, सर ओसरली की आपोआप येतं. विजा चमकत असतील तर बॉक्सची वायर काढून ठेवा आणि पोरांना स्टँडजवळ जाऊ देऊ नका.