आधी मोडता येईल ते घडवा: शाडूत हात बसवताना

यंदा आपला गणपती आपणच करायचा, असं ठरवून कोकणातल्या कितीतरी घरांत शाडू आणला जातो. चतुर्थी पंधरा दिवसांवर आलेली असते. पाच किलोची पिशवी फुटते आणि पहिल्याच बैठकीत अख्खी मूर्ती करायला घेतली जाते. पोट जमतं. सोंड लावली की गळते, डोकं मागे कलंडतं, चेहरा भलताच दिसायला लागतो. मोडून परत करावं म्हटलं तर हात धजत नाही, कारण वेडंवाकडं का होईना, मातीला गणपतीचं रूप आलेलं असतं. मोडवतही नाही आणि पुढे नेववतही नाही. मग ते काम ओल्या फडक्याखाली तसंच पडून राहतं, आणि ‘आपल्याला हे जमणारं नाही’ एवढंच काय ते हाती लागतं.

इथे हात कमी पडलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. नवशिक्याचं काम बिघडणारच, आणि बिघडायलाच हवं. बिघडल्याचं दुःख होणार नाही अशा वस्तूंवर ते आधी बिघडू द्यावं, एवढंच सांभाळायचं. शाडू त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण फसलेलं काम भिजवलं की पुन्हा माती होते.

म्हणून पहिले आठ आठवडे गणपती करायचाच नाही. यंदाचा पाट (ज्यावर मूर्ती घडवून मिळते तो) नेहमीसारखा गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कार्यशाळेत द्या. घरच्या पूजेची मूर्ती आपल्या शिकण्यावर अवलंबून राहिली नाही, की मानेवरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. पाट द्यायला जाल तेव्हा तासभर बसून बघा. नव्या पोराला तिथे कोणी चेहरा करायला देत नाही. माती मळणं, साच्यात दाबणं, सांधे पुसणं, उंदीर करणं अशी कामं आधी त्याच्या वाट्याला येतात, आणि डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच राहते. घरी शिकणाराही हाच क्रम धरू शकतो.

माती

सरावाला दोन किलो कोरडा शाडू पुरतो, कारण तीच माती फिरून फिरून वापरायची आहे. जास्त आणू नका. पावडर असेल तर किलोला साधारण ३०० मिलिलिटर पाणी घ्या, पण एकदम ओतू नका. आधी दोन तृतीयांश शिंपडून कालवा, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर झाका, आणि सकाळी लागेल तसं उरलेलं पाणी घालत भाकरीच्या पिठासारखं तळहाताच्या टाचेने वीस मिनिटं मळा. मळणं कमी पडलं तर आत हवा आणि कोरड्या गुठळ्या राहतात, आणि नेमक्या तिथेच पुढे तडा जातो.

माती तयार झाली का, हे कळायला करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. बोटाला चिकटून राहिली तर जास्त झालंय. तासभर उघडी ठेवा आणि परत मळा.

परसातली जांभ्याची तांबडी माती या कामाला घेऊ नका. तिच्यात खडे फार आणि चिकटपणा कमी, त्यामुळे वळीच तुटते. भातखाचरातली चिकण माती पाण्यात कालवून, पातळ फडक्यातून गाळून घेतली तर सरावाला चालते. कापूस किंवा काथ्याही आत्ता मिसळू नका. मोठ्या मूर्तीला त्याने बळकटी येते खरी, पण कोरताना तंतू कोरणीत अडकतात आणि माती परत भिजवली की गोळे होतात.

हत्यारं घरचीच पुरतील. बांबूची चपटी तासलेली पट्टी, जुना चमचा, कापायला नायलॉनचा दोरा, आणि माडाच्या झावळीचे चार-पाच हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या. बारीक रेघेला हिरासारखं दुसरं काही नाही. पडवीत किंवा ओटीवर पाटावर प्लास्टिक न घालता जाड कापड घाला; प्लास्टिकला माती चिकटते.

बैठक

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास. घड्याळ लावून बसा. अर्ध्या तासात लिंबाएवढे, म्हणजे साधारण ५० ग्रॅमचे सहा गोळे घ्या आणि सहा वस्तू करा. बैठक संपली की सहाही मोडून डब्यात टाका. आठवड्याच्या शेवटच्या बैठकीतली एकच ठेवा, आणि तीही सर्वांत चांगली म्हणून निवडू नका. जी शेवटी केली ती ठेवा. निवडायचं ठरवलं की दुसऱ्या गोळ्यापासूनच माणूस जपून काम करायला लागतो, आणि जपून केलेल्या कामात नवीन काही करून बघितलं जात नाही. ठेवलेल्या वस्तूच्या तळाला हिराने तारीख कोरा.

पहिल्या आठवड्यात फक्त आकार: गोल, अंडं, शंकू, वळी, पोळी. कंटाळवाणं वाटेल. तरी करा, कारण पुढचं सगळं याच पाचांतून निघतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परसातल्या आणि बाजारातल्या वस्तू घ्या. आंबा, बोंडूला लागलेली काजूची बी, शहाळं, रातांबा (कोकमाचं फळ), तिसऱ्या (शिंपले), बांगडा. प्रत्येक वस्तू तीनदा करायची: आधी तीन मिनिटांत, मग पाच, मग सात. तीन मिनिटांची ओबडधोबड होणारच, ती तशीच अपेक्षित आहे. तेवढ्या वेळात तपशिलाला हात लागत नाही, फक्त मोठा आकार पकडता येतो. सावंतवाडीची लाकडी रंगीत फळं घरात असतील तर त्यातला आंबा समोर ठेवा. ताज्या फळाच्या रंगाकडे आणि डागांकडे डोळा जातो. लाकडी फळात आकार सुटसुटीत झालेला असल्यामुळे नक्की काय घडवायचं ते आधी दिसतं.

आंबाच बघू. नवशिका अंडं करतो, वर देठ टोचतो आणि थांबतो. आता फळ हातात घेऊन फिरवा. देठाजवळचे दोन खांदे सारखे नसतात, एक चढा असतो आणि एक उतरता. पोट एका बाजूला जास्त फुगलेलं असतं. दुसऱ्या बाजूला खालच्या अंगाला किंचित खळगा आणि त्याखाली चोच. अंड्याला अंगठ्याने फक्त तीन ठिकाणी दाबलं, उतरता खांदा, चोचीवरचा खळगा आणि देठाचा खड्डा, की त्याचा आंबा होतो. चौथा दाब लागत नाही. हे तीन दाब नेमके कुठे ते सापडेपर्यंत आठ-दहा आंबे बटाट्यासारखे दिसतील, आणि त्या प्रत्येकात एखादा दाब जरा उजवीकडे, जरा खोल गेलेला असेल. मोडण्याआधी तो कुठे चुकला तेवढं बोट लावून बघा, मग खुशाल मोडा.

या काळात एक गोष्ट कटाक्षाने पाळा: बोटं पाण्यात बुडवायची नाहीत. ओल्या बोटाने चोळून गुळगुळीत करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि आमच्या मते शिकणं सर्वांत जास्त त्यानेच अडतं. चोळल्यावर कडा आणि उतार पुसले जातात, वस्तू चकचकीत दिसते, आणि आकार चुकलाय हे डोळ्याला कळेनासं होतं. शिवाय वर साचलेला पातळ थर आतल्या मातीपेक्षा जास्त आक्रसतो, म्हणून वाळल्यावर केसासारख्या भेगा पडतात. बोटांचे ठसे राहिले तर राहू देत.

हत्ती चालेल, गणपती नको

चौथ्या आठवड्यापासून अवयव. कान, सोंड, पंजा, पाऊल. पण हत्तीचा कान आणि हत्तीची सोंड म्हणूनच करा, म्हणजे मोडताना मनात चलबिचल होत नाही. प्रत्येक अवयव निदान वीस वेळा.

सोंडेसाठी १२ सेंटीमीटर लांब वळी घ्या, बुडाशी तीन सेंटीमीटर जाड आणि टोकाशी एक. आकार देऊन ती फडक्याखाली तास-दोन तास ठेवा. नव्या साबणाच्या वडीइतकी घट्ट झाली की मगच लावा. ओली लावली तर स्वतःच्या वजनाने गळणारच, तिथे कौशल्याचा प्रश्नच येत नाही. जोडताना दोन्ही बाजूंना हिराने आडव्या-उभ्या खाचा पाडा, दह्याइतकी पातळ केलेली माती लावा, आणि किंचित पीळ देत दाबा. सांध्याभोवती बारीक वळी फिरवून दोन्हीकडे ओढून घ्या. लावायचा भाग आणि मूळ अंग सारखंच ओलं हवं. एक सुकलेलं आणि एक ओलं असेल तर ओलं नंतर जास्त आक्रसतं आणि सांधा उघडतो.

आधाराला आत तार घालायची कल्पना सगळ्यांना सुचते. वाळताना माती आकसते, तार मात्र आहे तेवढीच राहते, त्यामुळे तारेच्या रेषेत चीर जाते. त्याऐवजी बाहेरून मातीच्याच गोळ्याचा टेकू द्या आणि घट्ट झाल्यावर काढा.

पंजा करताना बोटं एकेक चिकटवू नका, ती वाळून गळतात. आधी मोज्यासारखी चपटी पोळी, तिला तळव्याचा खोलगटपणा, मग सुरीने तीन चिरा म्हणजे चार बोटं. अंगठा तेवढा वेगळा लावा. पहिले दहा पंजे फावड्यासारखे होतील. अकराव्यापासून मधलं बोट सर्वांत लांब ठेवायचं भान आपोआप यायला लागतं.

कोणती चूक कुणाची

ठेवलेल्या वस्तू चार-पाच झाल्या की खिडकीशी तिरप्या उजेडात ओळीने मांडा. मग दोन प्रकार वेगळे करा. भेग, तडा, गळालेला कान, उघडलेला सांधा हे मातीचे आणि ओलाव्याचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वर आलेली आहेत. डोकं लहान, खांदा चुकलेला, बाजूने बघितलं तर चपटं, हे नजरेचे प्रश्न, आणि ते मोजून नव्हे तर पुन्हा पुन्हा करूनच सुटतात. नवशिके हे दोन्ही एकत्र करून सगळंच स्वतःवर घेतात, म्हणून हा फरक वहीत लिहून ठेवावा. प्रत्येक वस्तूसमोर एकच ओळ, पुढच्या वेळी काय करून बघायचं तेवढी. ‘छान’, ‘घाण’ असे शेरे त्या वहीत नकोत.

ओटीवर बसलात की येणारा-जाणारा विचारणारच, “ह्या काय करतंस?” सराव करतोय म्हणा, आणि वस्तू कशाची ते सांगू नका. नाव सांगितलं की समोरचा ताडून बघतो आणि तुम्ही समजूत घालत बसता. घरच्यांनाही पहिल्या महिन्यात मत विचारू नये. प्रेमापोटी केलेलं कौतुक आणि मस्करी, दोन्हींनी पुढचा गोळा जपून केला जातो.

मोडलेली माती

बैठक संपल्यावर ओल्याच मोडलेल्या वस्तूंचा गोळा करून झाकणाच्या डब्यात ओलं फडकं घालून ठेवला की पुढच्या वेळी तसाच मळता येतो. अर्धवट सुकलेले तुकडे मात्र लगेच पाण्यात टाकू नका. ते नीट विरघळत नाहीत, बाहेरून चिखल आणि आत गाठी राहतात. आधी पूर्ण वाळू द्या, सुपारीएवढे फोडा, बादलीत ठेवून वर दोन बोटं पाणी येऊ द्या आणि ढवळू नका. कोरडी माती पाणी ओढून आपणच फुटते. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी निथळून काढा आणि चिखल गोणपाटावरच्या फडक्यात पसरा. मे महिन्यात तो दिवसभरात मळण्याजोगा होतो, आषाढात दोन-तीन दिवस लागतात. ते पाणी मोरीत ओतू नका, पाइपात माती बसते. माडाच्या आळ्यात घाला. पावसाळ्यात डब्यातल्या मातीला आंबूस वास येतो, कधी काळपट डाग पडतात. माती खराब झालेली नसते, उलट मुरलेली माती जास्त लवचिक होते. कोरडी पावडर सांडली तर झाडू फिरवू नका, ओल्या फडक्याने टिपा, आणि वाळलेलं काम घासायचं असेल तर नाकाला फडकं बांधून उघड्यावर घासा. ती धूळ छातीत जाऊ नये.

नवव्या आठवड्यात गणपती करायला घ्या, १५ सेंटीमीटरच्या वर नको. श्रावणातल्या दमट हवेत तो सावलीत पुरता वाळायला दहा ते पंधरा दिवस धरावेत. उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवला तर बाहेरून आधी आक्रसतो आणि तडकतो. म्हणजे घडवणं चतुर्थीच्या तीन आठवडे आधी संपायला हवं, आणि पहिला गोळा ज्येष्ठातच मळायला हवा.

डोळे मूर्तीवर शिकू नयेत. मूर्ती वाळत असते त्या दिवसांत एक जुनी पांढरी गुळगुळीत टाइल, शून्य नंबरचा ब्रश आणि काळा पोस्टर कलर घेऊन बसा. रोज दहा जोड्या काढा. आधी वरच्या पापणीची रेघ एका श्वासात, मग खालची, बुबुळ शेवटी, आणि ते वरच्या पापणीखाली थोडं झाकलेलं. प्रत्येक जोडी झाली की टाइल आरशासमोर धरा. सरळ बघताना न दिसलेला तिरकसपणा उलट्या प्रतिमेत लगेच दिसतो. बघून झालं की ओल्या फडक्याने पुसून पुढची जोडी काढा.