स्टॅटिक लावलं, एरर गेली, आणि तिन्ही गाड्यांचं वजन सेम

जावात क्लास, ऑब्जेक्ट, कन्स्ट्रक्टर इथपर्यंत तुम्ही आलेले आहात असं धरून लिहितोय. थर्ड इयरला जळगावला असताना मला हे कोणी सांगितलं असतं तर व्हायवात मान खाली घालावी लागली नसती.

आमचं गाव रावेरकडचं, म्हणून मिनी प्रोजेक्ट पण केळीच्या गाड्यांच्या वजनाचा. गाडी नावाचा क्लास, त्याच्या आत पावती नावाचा क्लास, पावतीत वजन, आणि मेन गाडीतच. मेनमधून सरळ न्यू पावती केलं की कंपायलर बोंबलायचा, नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल धिस कॅननॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट. सीनियर म्हणे, अरे भो, स्टॅटिक लाव ना. क्लासला लावलं, एरर गेली. मग मी कुठंतरी ऑब्जेक्टऐवजी क्लासच्या नावाने पावती डॉट वजन लिहिलेलं, तिथे तसलीच एरर, तर वजनला पण लावून टाकलं. व्हायवात तीन गाड्या टाकल्या, तिन्हींचं वजन ९८४० किलो, म्हणजे शेवटच्या गाडीचं. सर म्हणाले, तिन्ही गाड्या एकाच काट्यावर एकदम चढवल्या का?

आता नीट ऐका, कारण इथेच सगळे पडतात. फील्डला, म्हणजे वजनसारख्या क्लासमधल्या व्हेरिएबलला, स्टॅटिक म्हणजे सगळ्या ऑब्जेक्ट्समध्ये मिळून ती गोष्ट एकच. आतल्या क्लासला स्टॅटिक म्हणजे ‘एकच ऑब्जेक्ट’ असं अजिबात नाही, पाहिजे तर हजार पावत्या करा, प्रत्येकीचं वजन वेगळं राहील, फक्त पावती करायला आधी गाडी लागत नाही एवढंच. बिनस्टॅटिक आतला क्लास मात्र कुठल्यातरी गाडीचाच असतो, मेन स्टॅटिक असल्याने तिथे ‘धिस’ गाडीच नसते म्हणून ती एरर, आणि खरा उपाय गाडी१ डॉट न्यू पावती. शब्द एक, कामं दोन, आणि हे न सांगता ‘लाव ना’ म्हणणाऱ्या सीनियरपासून लांब राहा, मग तो कितीही प्लेस झालेला असो.

घाबरू नका, आठवडाभर हाताने लिहिलं की बसतं डोक्यात. मी तर दोनदा आपटलो. नोकरीत जॅक्सन नावाच्या लायब्ररीने जेसनवरून, म्हणजे मजकुराच्या रूपातल्या डेटावरून, ऑब्जेक्ट करायचा होता, आतला क्लास बिनस्टॅटिक, झाला नाही, दुपार गेली.

माझी सवय आता अशी की आतला क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टच्या फील्डला हात लावत नसेल तर स्टॅटिकच. जावाच्या तयार क्लासेसपैकी हॅशमॅपमधला नोड तसाच आहे, अ‍ॅरेलिस्टमधला इटरेटर मात्र नाही, कारण त्याला लिस्टचा माल लागतो. स्टॅटिक नाही लावलं तर प्रत्येक पावती आपली गाडी गुपचूप धरून बसते, पावती लिस्टमध्ये आहे तोवर गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा, गाडीला हलवत नाही. जावा १८ पासून कंपायलर न वापरलेला हा धागा बहुतेक वेळा काढतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

खात्री करायची तर जावासोबतच येणाऱ्या जावापी या टूलने, जावापी मायनस पी असं लिहून, गाडी-डॉलर-पावती ही क्लास फाइल उघडा, धागा कंपायलरने काढला नसेल तर धिस-डॉलर-शून्य नावाचं फील्ड दिसेल. लिनक्सवर नाव सिंगल कोट्समध्ये टाका, नाहीतर डॉलरपासून पुढचं शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, खाऊन टाकतो, माझा अर्धा तास त्यातच गेलेला.