'कोलेसिस्टेक्टॉमी'चे तुकडे पाडताना या चुका टाळा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी फळ्यावर 'कोलेसिस्टेक्टॉमी' लिहिते आणि तोडून दाखवा म्हणते. दरवर्षी तेच उत्तर: को-ले-सिस-टेक-टॉ-मी. उच्चार झकास, अर्थ शून्य! जीभ जिथे शब्द तोडते तिथे अर्थ तुटत नाही, बायांनो. 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं. बोलताना 'सिस्ट'मधला ट पुढच्या तुकड्याला चिकटतो आणि 'टेक्टॉमी' असं काहीतरी असतं अशी समजूत होते. हेलिकॉप्टरचंही तेच. मूळ तुकडे 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: देवनागरीत, नुसत्या कानावर घेतलेल्या नोट्स. पित्ताचं 'कोले' इंग्रजीत सी-एच ने सुरू होतं, मोठ्या आतड्याचं 'कोलो' नुसत्या सी ने. आपल्या लिपीत दोघांचा 'को' सारखाच. एकदा सर्जन घाईत 'उद्या लॅप कोली' म्हणून गेले, म्हणजे दुर्बिणीतून करायची कोलेसिस्टेक्टॉमी. एका शिकाऊ मुलीने हुशारी करून कागदावर 'कोलेक्टॉमी' असा विस्तार केला. म्हणजे मोठं आतडं काढणं! पेशंट पित्ताच्या खड्यांचा. त्याच्या मुलाने तो शब्द मोबाइलवर शोधला आणि रात्री अकराला 'सिस्टर, बाबांचं आतडं कशाला काढताय?' म्हणून वॉर्डात उभा. बरं झालं त्याने विचारलं. सिनियर लोक 'लॅप कोली' म्हणतात कारण त्यांना अख्खा शब्द येतो. तुम्हाला येत नसेल तर विस्तार करू नका, विचारा.

माझी सवय सांगते. शब्द शेपटीकडून वाचते. वहीत वरच्या ओळीत पेन्सिलने उच्चार, खाली पेनाने अर्थाचे तुकडे, शेजारी इंग्रजी स्पेलिंग. शेपटीत 'ऑटमी' असेल तर छेद देणं, 'ऑस्टॉमी' असेल तर तोंड म्हणजे उघडं छिद्र करून ठेवणं.

बाकी किरकोळ. न्यूमोनियातला पी मुका, डिस्प्नियातला (धाप लागणं) नाही. 'इलियम' आतड्यातही आहे आणि कमरेच्या हाडातही, स्पेलिंग बघा. 'आयटिस' म्हणजे दाह, जंतुसंसर्ग नव्हे. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये कुठले जंतू?

आणि ते 'ओजीडी स्कोपी', म्हणजे अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) दुर्बिणीने बघणं. इ-सॉ-फॅ-गो-गॅस-ट्रो-ड्यु-ओ-डे-नॉस-को-पी, बारा ठेके. त्यातल्या ड्युओडेनमचं नावही लॅटिनमधल्या बारावरूनच पडलंय, बारा बोटं लांबीचं म्हणून. माझ्या वर्गात अख्खा शब्द एकदा म्हणून दाखवल्याशिवाय कुणाला 'ओजीडी' म्हणता येत नाही.