एक भिंत, चार कुंड्या आणि हातचे चित्र

दसरा झाला की दिवाळीपर्यंत जे वीस दिवस मिळतात, ते घराच्या भिंतींना हात घालण्यासाठी कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्याकडे सर्वांत योग्य असतात, कारण चार महिने पावसाचे पाणी प्यालेल्या भिंती तोवर उन्हाने बऱ्यापैकी सुकलेल्या असतात. आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घरात एका वर्षी आम्ही घाई करून ऐन भाद्रपदात रंग लावून घेतला. पुट्टी मारली की ओल दिसत नाही, असे रंगाऱ्याने सांगितले आणि आम्ही ते मानले. दिवाळीत पणत्या लावताना त्याच भिंतीवर तळहाताएवढे फुगे आलेले होते आणि बोट लावताच पापुद्रा हातात येत होता. तेव्हापासून रंगाचा डबा उघडण्याआधी मी एक साधी चाचणी करते. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवावा आणि चोवीस तासांनी काढावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा तेवढा चौकोन काळपट झाला असेल, तर भिंत अजून ओली आहे असे समजावे. ही ओल बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून, गच्चीतून किंवा शेजारच्या न्हाणीघरातून येत असेल, तर आधी तिथली दुरुस्ती करून घ्यावी. आतून कितीही महाग रंग लावला तरी तो टिकणार नाही.

भिंत कोरडी आहे याची खात्री झाली, तरी लगेच रंग निवडू नये. एक-दोन दिवस बैठकीच्या खोलीत निवांत बसून उजेड कसा फिरतो ते पाहावे. आमची खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी खोली शांत आणि किंचित निळसर असते, तर दुपारी तीननंतर तिरपे ऊन समोरच्या भिंतीवर येऊन फिकट पिवळा रंगही भगवा वाटू लागतो. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर थंड असतो, म्हणून तिथे राखाडी किंवा निळा रंग उदास दिसतो आणि हळदी, विटकरी किंवा अबोली रंग खुलतो. रात्रीचा दिवाही विसरू नये. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली विटकरी रंग मातकट होतो आणि पिवळसर दिव्याखाली तोच ऊबदार दिसतो. पुष्कळदा रंग चुकलेला नसतो, दिवा चुकलेला असतो, आणि दिवा बदलणे कितीतरी स्वस्त पडते.

सगळी खोली एकाच गडद रंगात रंगवण्यापेक्षा एक भिंत निवडावी, असे माझे मत आहे. दारातून आत येताच जिच्यावर नजर पडते आणि जिच्यावर कपाटे व दारे कमी आहेत, ती भिंत घ्यावी. खिडकी असलेली भिंत शक्यतो घेऊ नये, कारण बाहेरच्या झगमगाटापुढे ती स्वतः सावलीतच राहते. उरलेल्या तीन भिंती सायीच्या किंवा हस्तिदंती रंगाच्या ठेवाव्यात आणि छत पांढरेच असू द्यावे. रंगांची नावे शेडकार्डावर आकड्यांत असतात, पण आपल्याकडे त्यांचे फार सुंदर शब्द आहेत, तेही बहुतेक लुगड्यांमुळे टिकलेले: चिंतामणी, मोरपंखी, अंजिरी, आमसुली, डाळिंबी, शेवाळी. आईच्या किंवा आजीच्या साडीचा जो रंग वर्षानुवर्षे आवडत आला आहे, त्या कापडाचा तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात जावे. पुष्कळ दुकानांत आता यंत्रावर मिसळून त्याच्या जवळचा रंग करून देतात. मात्र कार्डावरच्या इवल्या चौकोनात दिसणारा रंग पूर्ण भिंतीवर चढला की अधिक गडद भासतो, म्हणून एक पायरी फिकट घेणे बरे. नमुन्याचा छोटा डबा आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी व दिव्याखाली त्याच भिंतीला टेकवून पाहावा. भिंतीवरच ठिपके मारून पाहिले, तर शेजारच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो.

एक भिंत घरच्या घरी रंगवणे दोघांना एका शनिवार-रविवारी सहज जमते. सुटलेला जुना रंग पत्र्याने खरवडावा, खिळ्यांची भोके व तडे पुट्टीने भरावेत, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी आणि ओलसर फडक्याने धूळ टिपून घ्यावी. ही धूळ राहिली की रंग धरत नाही. त्यावर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक हात, मग इमल्शन या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि दोन हातांत किमान चार तास जाऊ द्यावेत. आधी कडा व कोपरे ब्रशने रंगवून मग मधला भाग रोलरने, कड ओली असतानाच पुढे सरकत भरला, की सांध्याचे पट्टे दिसत नाहीत. हिशेब असा करावा: दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच भिंत म्हणजे 90 चौरस फूट, दोन हातांचे 180 चौरस फूट, एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण 100 ते 140 चौरस फूट पुरते, म्हणजे दोन लिटर आणले तर काम भागून पुढच्या डागडुजीला थोडा उरतो. दोन्ही डबे एकाच वेळी तयार करून घ्यावेत, नाहीतर छटेत फरक पडतो.

झाडांच्या बाबतीत लोक आधी झाड आणतात आणि मग जागा शोधतात; हे उलट करावे. खिडकीत किंवा बाल्कनीत रोज चार-पाच तास ऊन असेल, तरच तुळस, मोगरा, सदाफुली, अबोली आणि गोकर्णाचा वेल यांच्या वाटेला जावे. ऊन नसून नुसता उजेड असेल, तर मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड ही तीन झाडे कमी लाडातही तग धरतात. कपाटाच्या वरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणतेच झाड फार दिवस जगत नाही. घरातल्या चार कुंड्या हवा शुद्ध करतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. त्यामागे 1989 सालचा नासाचा जो प्रयोग आहे, तो बंदिस्त पेटीत केलेला होता आणि वाऱ्याची ये-जा असलेल्या घराला तो लागू पडत नाही. झाडे डोळ्यांना व मनाला बरी वाटतात म्हणून लावावीत, तेवढे कारण मला पुरते.

कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण करावे आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवली की पाणी वाहते आणि माती अडते. पाणी रोज घालायचे की दिवसाआड, याचा नियम करण्यापेक्षा बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. घरातली झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक जास्त पाण्याने मुळे कुजून मरतात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण असतो. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर मनीप्लांट त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे, कारण त्याची पाने त्यांना बाधतात. आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगाला कुंडी कधीही ठेवू नये. ओल्या मातीची मोठी कुंडी खाली चालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

विटकरी भिंतीपुढे हिरवे झाड किती उठून दिसते, हे एकदा पाहिले की तिथे तिसरे काय हवे ते आपोआप सुचते. आमच्या घरी ते वारली चित्र होते. पालघर जिल्हा 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता आणि त्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर ही चित्रे कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जात आली आहेत. लग्नात सवाष्णी देवचौक आणि लग्नचौक या चौकोनी आकृत्या काढतात, त्यात लग्नाची व सुफलतेची देवी पालघाट असते. ही पूजेची चित्रे आहेत, म्हणून सोफ्यामागची शोभा म्हणून ती कुणी काढू नयेत, असे मला मनापासून वाटते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नघराबाहेर आणून रोजच्या जगण्याची, शेतीची, मासेमारीची आणि नाचाची चित्रे कागद-कापडावर काढली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते गेले. आपण शिकायचे ते या रोजच्या जगण्याच्या चित्रांतून. विकत घ्यायचे असेल, तर छापील नक्कल न घेता वारली चित्रकाराने स्वतः काढलेले, खाली सही असलेले चित्र घ्यावे.

घरी काढायचे, तर थेट भिंतीवर न काढता कापडावर काढावे. घर भाड्याचे असले तरी अडत नाही आणि बदली झाली की चित्र सोबत नेता येते. दोन बाय तीन फुटांचा मांजरपाट गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढावी आणि सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी चौकटीवर ताणून मागून छोट्या खिळ्यांनी ठोकावा. शंभर ग्रॅम गेरू रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळावा, म्हणजे खडे राहत नाहीत, आणि ताकाइतका पातळ करून त्यात तीन-चार चमचे पांढरा गोंद मिसळावा. रुंद ब्रशने मधून कडेकडे असे दोन हात द्यावेत. वाळल्यावर बोट घासून पाहावे: बोटाला लाल लागले, तर गोंद कमी पडला आहे, तेव्हा गोंदाचे पाणी करून आणखी एक हात द्यावा. पाड्यावर पांढऱ्या रंगासाठी तांदूळ वाटून त्यात पाणी आणि डिंक घालतात. मुलांच्या सरावासाठी खाकी कागदावर तेच वापरावे. पण शहरातल्या दमट घरात पिठाला बुरशी धरते व झुरळे लागतात, म्हणून टिकाऊ चित्राला पांढरा अॅक्रिलिक रंग घ्यावा. ब्रशऐवजी बांबूची काडी घेऊन तिचे टोक दातांनी चावून कुंचल्यासारखे मऊ करावे. तिची रेघ कुठे जाड, कुठे बारीक येते आणि चित्रात जीव येतो. शून्य नंबरच्या ब्रशने तेच चित्र छापल्यासारखे दिसते.

माणूस काढताना दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढावेत. वरचा छातीचा, खालचा कमरेचा, आणि ते जिथे मिळतात तिथे थोडा तिरपेपणा दिला की माणूस लगेच वाकतो, नाचतो किंवा ओझे उचलतो. डोक्याचा गोल भरीव असावा. बाईच्या डोक्याला मागे एक छोटा गोल जोडला की अंबाडा झाला. तारप्याचा नाच काढायचा, तर आधी पेन्सिलीने वळत जाणारी गोलाकार रेघ आखावी, मध्ये दुधी भोपळ्याचा तारपा वाजवणारा काढावा आणि मग हात गुंफलेली माणसे त्या रेघेवर बाहेरून आत बसवत यावी. आमच्या चित्रात मी नाचाच्या कडेला आमची तीन मजली इमारत, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि खिडकीतली तुळस काढली. जे आपल्या डोळ्यांसमोर आहे ते काढले की हात कचरत नाही.

चित्र भिंतीवर टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. खाली सोफा असेल, तर त्याच्या पाठीच्या वर वीतभर जागा सोडावी. काच लावायची गरज नाही, महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, ओले फडके मात्र कधी लावू नये. मृगाचा पाऊस लागला की बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगलेले चित्र उतरवून आतल्या भिंतीवर न्यावे आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे कापड आणि भिंत यांच्यामध्ये वारा खेळता राहतो.