पाचोळा मातीत जायला किती दिवस लागतात? जाळीच्या पिशवीने मोजा

पान गळण्याआधी झाड त्यातलं बरंच नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस), साधारण निम्म्याच्या आसपास, खोडाकडे परत ओढून घेतं. उरलेलं जमिनीवर पडतं आणि बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं ते मातीत परत करतात. हा वेग मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. जाळीच्या पिशव्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, पानं वाळवायला ओव्हन आणि एक पावसाळा पुरतो.

तुलनेसाठी दोन टोकाची पानं घ्या: साग (जाड, खरखरीत) आणि बांधावरचा गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया (पातळ, नत्र जास्त). पानगळीच्या दिवसांत झाडाखाली जुनी साडी पसरून ताजी गळलेली पानंच गोळा करा. जमिनीवरचा जुना पाचोळा नको, त्याचं कुजणं आधीच सुरू झालेलं असतं. झाडावरून तोडलेलं हिरवं पानही नको, कारण त्यातलं नत्र झाडाने अजून परत घेतलेलं नसतं. प्रत्येकी ३०० ग्रॅम सुकी पानं पुरे. सागाच्या पानाचे तळहाताएवढे तुकडे करा. चुरा करू नका, चुरा लवकर कुजतो आणि आकडा फसवतो.

पिशवी २० × २० सेंमी, खिडकीच्या नायलॉन डासजाळीची. नायलॉनच्याच दोऱ्याने शिवा, सुती दोरा महिनाभरात कुजतो. प्रत्येकीत सावलीत वाळवलेली १० ग्रॅम पानं भरा आणि नंबर कोरलेली पत्र्याची पट्टी आत टाका, कागदी चिठ्ठी टिकत नाही. चार वेळा काढायच्या, दर वेळी प्रत्येक पानाच्या चार, म्हणजे ३२ पिशव्या. वर चार ‘प्रवासी’ पिशव्या, प्रत्येक पानाच्या दोन. त्या जागेवर नेऊन लगेच परत आणायच्या. सागाचं वाळलेलं पान ठिसूळ असतं, वाटेतच किती भुगा गळतो ते त्यांवरून कळतं.

सावलीत वाळलेल्या पानातही पाणी असतंच. म्हणून प्रत्येक प्रकारचे १० ग्रॅमचे तीन नमुने ओव्हनमध्ये ६०–६५ अंशांवर ४८ तास ठेवा आणि पुन्हा तोला. ९ ग्रॅम भरलं, तर तुमचं खरं सुरुवातीचं वजन ९, दहा नव्हे. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी, पिशव्या मांडा. जमिनीवरचा पाचोळा बाजूला करा, पिशवी थेट मातीला टेकवा, बांबूच्या खुंट्या ठोका आणि पाचोळा वर पसरा. वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी घ्या. ओहोळाची वाट टाळा.

काढायचे दिवस: १५, ३०, ६०, १२०. सुरुवातीचे दिवस जवळजवळ ठेवण्याला कारण आहे. पालाश (पोटॅशियम) पानात कशाशी घट्ट बांधलेलं नसतं, पहिल्या चार-दोन सरींतच ते विरघळून खाली उतरतं. पंधराव्या दिवशी उघडलेल्या सागाच्या पिशवीत पान बहुधा अख्खंच दिसेल, फक्त काळपट आणि मऊ, पण पालाश तोवर बरंच निघून गेलेलं असतं. पुढे पांढरे बुरशीचे धागे दोन पानं एकमेकांना शिवल्यासारखी चिकटवतात, आणि शेवटी शिरांची जाळी तेवढी उरते. गिरिपुष्पाची पिशवी तोवर बरीचशी रिकामी झालेली असेल.

आणलेली पानं मऊ ब्रशने झटका, नळाखाली धुऊ नका. मग ६०–६५ अंशांवर वाळवून तोला. समजा ६० दिवसांनी ९ चे ५.४ ग्रॅम उरले. भागाकार ०.६. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ln (नैसर्गिक लॉगॅरिथम) दाबा: −०.५११. चिन्ह सोडून ६० ने भागा, रोजचा वेग ०.००८५. आता ०.६९३ ला (हा २ चा ln) त्याने भागा: निम्मं पान जायला सुमारे ८१ दिवस.

वजन कमी होण्याऐवजी वाढलं, तर आत माती शिरली आहे. जांभ्याची लाल माती लगेच दिसते, काळी चटकन ओळखू येत नाही. एकच पिशवी रिकामी आणि जाळीवर मातीचे बोगदे, तर वाळवी. तो आकडा फेकू नका, वेगळा नोंदवा, कारण आपल्या पानगळी रानांत वाळवी हा या चक्राचाच भाग आहे. डासजाळीतून मोठी गांडुळं मात्र शिरत नाहीत, त्यामुळे वेग थोडा कमीच भरतो. जमल्यास काही पिशव्या ५ मिमी जाळीच्याही ठेवा.

नत्र मोजायचं असेल, तर द्राक्षबागायतदारांचं पान-देठ परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत वाळलेला नमुना द्या. अहवालातली टक्केवारी वाढलेली पाहून नत्र वाढलं असं समजणं ही नेहमीची चूक. टक्केवारीला उरलेल्या वजनाने गुणा: सुरुवातीला ९ ग्रॅमचा १ टक्का म्हणजे ९० मिलिग्रॅम, नंतर ५.४ ग्रॅमचा दीड टक्का म्हणजे ८१. नत्र घटलंच, फक्त पानापेक्षा हळू. गुणाकारही ९० च्या वर गेला, तर बुरशीने मातीतलं नत्र पानात ओढलंय. सागासारख्या नत्र-कमी पानात सुरुवातीच्या आठवड्यांत हे होऊ शकतं, आणि तेवढे दिवस ते नत्र रोपांच्या वाट्याला येत नाही.