पेल एल नीट कशी चाखायची

पेल एल म्हणजे फिकट रंगाची एक बीअर. सुरुवातीला सिएरा नेवाडा पेल एल घ्या, कॅलिफोर्नियातल्या चिकोची, 1980 पासून बनतेय, अमेरिकन पेल एल कशी असते ते हिच्यावरून छान कळतं. फ्रिजमधून काढून थोडा वेळ ठेवा, एकदम थंडगार असली की वासच येत नाही. ग्लास स्वच्छ हवा, तेलकट असेल तर फेस लगेच बसतो. ओतल्याबरोबर आधी वास घ्या, कारण कॅस्केड जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बीअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांचा, तो ग्रेपफ्रूट आणि पाइनसारखा सुगंध पटकन उडतो आणि खरी मजा तिथेच आहे. मग घोट तोंडभर फिरवून गिळायचा, थुंकायचा नाही, कडूपणा गिळल्यावरच नीट कळतो. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, बिस्किटासारखा गोडवाही लागला पाहिजे, नुसती कडू म्हणजे भारी असं अजिबात नाही! गढूळपणा चालतो, बाटलीत यीस्ट असतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बीअर शिळी झालीय.