महाविद्यालयीन परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ कसा मिळवावा

लेखनिक म्हणजे दिव्यांग विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) हाताशी आहे, असे मी येथे गृहीत धरते. कार्ड काढलेले नसल्यास केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आजच अर्ज भरावा. अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणीची) तपासणी मात्र मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी एका भेटीत होत नाही. तिची सुरुवात प्रवेशाबरोबरच करावी. तळमजल्यावरचा वर्ग किंवा पुढचा बाक हवा असल्यास सत्राच्या आरंभी प्राचार्यांना पत्र दिले की बहुधा काम होते.

खरी कसोटी परीक्षेची असते. ‘सरांना तोंडी सांगून ठेवा, ते समजून घेतील’ हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो कोणीही मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मला लेखनिकाची परवानगी तोंडी मिळाली होती. परीक्षेचे केंद्र मात्र दुसऱ्या महाविद्यालयात आले आणि तेथील पर्यवेक्षकांकडे माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. माझी प्रश्नपत्रिका उघडली गेली, तेव्हा इतरांची पहिली पुरवणी भरली होती. समजूतदार सर त्या इमारतीत नव्हतेच.

म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच अर्ज लेखी द्यावा. त्यात ‘सहकार्य करावे’ असे मोघम न लिहिता लेखनिक, जादा वेळ, स्वतंत्र खोली, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका यांपैकी जे हवे ते एकेक करून नोंदवावे आणि प्रत्येक विषयाचे नाव लिहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक या दोन्हींचा उल्लेख आहे. तो अर्जात अवश्य करावा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटे. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यालाही जादा वेळ मागता येतो. हे अनेकांना कोणी सांगतच नाही. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे म्हणून लेखनिक नाकारला जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार प्रकरणातील निकालाचा आधार द्यावा; लिहिण्यात खरी अडचण असलेल्याला केवळ टक्केवारीवरून लेखनिक नाकारता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. अशा वेळी लिहिण्यातील अडचणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र अर्जाला जोडावे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. तेवढ्यावरही थांबू नये. ही पोच म्हणजे परवानगी नव्हे. परीक्षा विभागाचे मंजुरीपत्र मागून घ्यावे आणि केंद्र दुसरीकडे असेल, तर त्याची प्रत आदल्या दिवशी स्वतः नेऊन केंद्रप्रमुखांना द्यावी.

लेखनिकाचे शिक्षण किती असावे, हा नियम परीक्षा विभागाकडून लेखी विचारून घ्यावा आणि त्याप्रमाणे त्याची गुणपत्रिका व ओळखपत्र जोडावे. त्याच अर्जात पर्यायी लेखनिकाचेही नाव द्यावे, कारण कुर्ल्याला गाडी अडकली, तर तुमचा पेपर थांबत नाही. ओळखीतला मुलगा भला आहे म्हणून त्याला निवडू नये. सांगितलेले जसेच्या तसे लिहिणारा, पेपर मराठीत असेल तर देवनागरी वेगाने लिहिणारा हवा. हिशेबाच्या विषयांत तर रकाने कसे आखायचे, हे तुम्हाला त्याला नेमके सांगता आले पाहिजे. म्हणून एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोघांनी पूर्ण सोडवावी. परिच्छेद कुठे तोडायचा, आकृती कोणत्या शब्दांत सांगायची आणि खोडायचे कसे, हे त्या सरावातच ठरते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील एक्सआरसीव्हीसी या केंद्राकडे वाचनसाहित्यासाठी आणि सल्ल्यासाठी जरूर जावे.

पेपर सुरू होण्याआधी मंजुरीपत्र पर्यवेक्षकांसमोर ठेवावे आणि संपण्याची वेळ त्यांच्याकडून वदवून घ्यावी. उशिरा सुरुवात झाली, तर ती वेळ त्यांच्या अहवालात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. वेळ कापला गेल्यास त्याच दिवशी परीक्षा विभागाला लेखी तक्रार द्यावी आणि तिचीही पोच घ्यावी. निकाल लागल्यानंतर केलेल्या तक्रारीला फारसे वजन उरत नाही.